नॉटिंगहॅमच्या अंगणातला वड

परदेशाहून परत आलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, काय काय बघितलंत आणि काय काय आणलंत. मी राणीचा राजवाडा बघितला नाही. बाहेरूनसुद्धा नाही. महिनाभर इंग्लंडात राहिले आणि त्यातले निम्मे दिवस एका झाडापायी गेले. राजवाड्याच्या आशेनं कुणी वाचायला बसलं असेल तर आधीच सांगितलेलं बरं.

नॉटिंगहॅम

माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, तरुणपणी इंजिनियर म्हणून नॉटिंगहॅमला गेला आणि तिथलाच झाला. मी कराडची. यजमान गेल्यापासून एकटीच असते. दर दिवाळीला दादा फोनवर "ये, ये" म्हणायचा आणि मी "येते, येते" म्हणायचे. २००४च्या मे महिन्यात त्यानं सरळ तिकीटच पाठवलं.

विमानतळावर त्याला बघितलं आणि मी हबकलेच. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. जवळ घेतलं तर हाताला बरगड्या लागल्या. माझी बॅग गाडीपर्यंत ढकलत नेताना तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा काहीतरी दाखवायच्या निमित्तानं थांबला. खोकला मात्र त्याला लपवता येईना.

"वय झालं गं सुमन," तो म्हणाला.

"वय कसलं? हे-फीवर आहे, फुलांच्या परागांची ॲलर्जी," वहिनी पुढच्या सीटवरून म्हणाली. "इथे मे महिना आला की निम्मा गाव शिंकतो. जीपीनं, आपल्या फॅमिली डॉक्टरनं, दम्याचा पंप दिलाय. आता वन्संबाई आल्यात म्हटल्यावर खोकल्याचीसुद्धा टाप नाही राहायची."

वहिनीचं हे असं. बोलायला लागली की समोरच्याला काळजी करायलाही जागा ठेवत नाही.

घर विटांचं, शेजारच्या घराला चिकटलेलं, पुढून अगदी बोटभर. मागे मात्र लांबलचक बाग आणि तिच्या टोकाला, कुंपणाला पाठ लावून, एक भलंमोठं झाड. कॅलेंडरवर लालभडक पानांचा मेपल असतो ना, त्याच घराण्यातलं हे, पण साधं. तिकडे सिकॅमोर म्हणतात. पान आपल्या पंजाएवढं, पाच बोटांचं. हे लाल-बिल काही होत नाही. आणि हे झाड म्हणजे नॉटिंगहॅमचा वड.

त्याची कथा अशी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा वटपौर्णिमेला वड कुठून आणायचा म्हणून तिनं कागदावर काढून फ्रिजला चिकटवला. फ्रिजभोवती फेरे मारता येत नाहीत, त्यामुळे ते काही तिच्या मनाला पटेना. मग हे घर घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात ती या झाडाखाली उभी राहिली, वर बघितलं आणि ठरवून टाकलं. "देव काय पासपोर्ट बघतो का?" हे तिचं म्हणणं. तेव्हापासून गावातल्या सगळ्या मराठी बायका पौर्णिमेला नटूनथटून इथे येतात, सूत गुंडाळतात, लंडनच्या वेम्बलीतल्या देशी बाजारातून मागवलेल्या आंब्यांची वाणं देतात. पलीकडच्या गोऱ्या आजोबांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं की झाड पडेल अशी भीती वाटते का, मी चांगला दोर देऊ का.

दादाचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही. "सात जन्म हाच नवरा पाहिजे म्हणते, पण नवऱ्याला विचारलंय का कुणी?" हा त्याचा दरवर्षीचा विनोद. पण आदल्या दिवशी गवत कापायचं, खालच्या फांद्या छाटायच्या, हे सगळं तोच करतो.

त्या वर्षी झाडाचा शेंडा उघडाबोडका होता. खाली पानं, वर नुसत्या काटक्या.

"गेल्या उन्हाळ्यात काय तापलं होतं म्हणून सांगू," वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दाखवत म्हणाली. "रस्त्यांचं डांबर वितळलं. झाड भाजून निघालं बिचारं. हे म्हणतात, येईल पालवी. बघ ना, बुंधा कसा तुकतुकीत आहे."

खरंच होता. एकसारखा तपकिरी, नीटनेटका. इथली माणसं नीटनेटकी तशी झाडंही असतील, असं म्हणून मी चहा प्यायले.

पहिला आठवडा मजेत गेला. नव्याकोऱ्या ट्राममध्ये बसून गाव पाहिलं. वहिनी काही सकाळी चॅरिटी शॉपमध्ये फुकट काम करते. लोकांनी दान दिलेले कपडे विकायचे आणि पैसे धर्मादाय द्यायचे. आपल्याकडे बोहारणीला घासाघीस करून देतो त्या वस्तू तिकडे बायका इस्त्री करून फुकट देतात, याचं मला फार नवल वाटलं. मी तिच्याबरोबर जायचे. दादा मागच्या शेडमध्ये असायचा. निवृत्तीनंतर त्याला सुतारकामाचा नाद लागलाय. गावातल्या प्रत्येक मराठी घरात त्यानं केलेलं पोळपाट-लाटणं आहे. आम्ही दुपारी परत यायचो तेव्हा त्यानं अंघोळ करून कपडे मशीनला लावलेले असायचे. "बघ, आता कुठे वळण लागलं," वहिनी म्हणायची. आणि दिवेलागणीला त्याला कणकण भरायची. खोकता खोकता तो कोचावर आडवा व्हायचा, पंप ओढायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

एवढा धिप्पाड माणूस, आणि जिना चढताना मध्ये उभा राहून भिंतीवरचा फोटो सरळ करतो. फोटो सरळच होता.

लेक डिस्ट्रिक्ट

मग चार दिवस सरोवरांच्या मुलखात गेलो. दादाची मुलगी नेहा मँचेस्टरला नोकरी करते. ती तिथूनच आम्हाला येऊन मिळाली. नेहाचं मराठी म्हणजे मायेनं भरलेलं आणि व्याकरणानं सोडलेलं. मला बघून म्हणाली, "आत्या, तू आली ना, आता माझा काळजी कमी झाला."

हिरवे डोंगर, दगडाच्या गडग्यांची कुरणं आणि मेंढ्या. आपल्या पाटण-कोयनेकडची आठवण यावी असा पाऊस, फक्त त्याला जोर नाही. दिवसभर नुसता कुरकुरतो. जेवायला भाजलेला अख्खा बटाटा देतात, मध्ये चिरून त्यात चीज. मिरची नाही, मोहरी नाही, काही नाही. मी मिटक्या मारत खाल्ल्याचं नाटक केलं आणि बाहेर गाडीत वहिनीनं आणलेल्या धपाट्यांवर शेंगदाण्याची चटणी घेऊन खरं जेवले. गाडीभर लसणाचा वास सुटला. नेहानं खिडक्या उघडल्या आणि एक धपाटं घेतलं.

पण मला धक्का बसला तो दादाला बघून. दुसऱ्या दिवशी त्याचा खोकला अर्ध्यावर आला, तिसऱ्या दिवशी जवळजवळ थांबला. संध्याकाळची कणकण नाही. तळ्याकाठची लहानशी टेकडी तो थांबत थांबत का होईना, चढून गेला आणि वरून मला हाका मारत राहिला. वहिनी "हवा मानवली" म्हणून खूश. जुन्या शेतघरांशेजारी तीच सिकॅमोरची झाडं होती, इतकी दाट आणि हिरवीगार की खाली पाऊससुद्धा पोचत नव्हता. वहिनी म्हणाली, "बघा हो, आपलं पण पुढच्या वर्षी असंच होईल." दादानं एक पान तोडलं आणि उलटसुलट करून बघितलं.

घरी परतलो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही दुकानातून आलो, आणि संध्याकाळी तोच खोकला, तोच ताप, उलट जास्त.

"वहिनी, ह्या घरातच काहीतरी आहे," मी बोलून गेले.

"माझ्या घरात?" तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी धूळ ठेवते म्हणायचं?"

कुठल्याही गृहिणीला लागावं असंच ते बोलणं होतं. पण वहिनी रुसत बसणारी नाही. पदर खोचला. पुढचे दोन दिवस आम्ही नणंद-भावजयींनी ते घर असं घासलं की दिवाळीतही कुणी घासत नाही. गालिचे झटकले, गाद्या उन्हात घातल्या, सगळे पडदे धुतले. पडदे वाळत घालायला दोरी कमी पडली म्हणून दुसरी दोरी कुंपणाच्या खांबाला बांधायला मी झाडाच्या मागच्या बाजूला गेले. तिकडे सहसा कुणी जात नाही. वाकताना तोल गेला आणि आधाराला मी झाडावर हात टेकला.

झाडाची साल हातात आली. दाराच्या फळीएवढा पापुद्रा सुटून माझ्या पायावर पडला आणि आत सगळं काळं. जळल्याचं काळं नव्हे. मऊ, जाड, काजळासारखं काळं, बोट रुतेल इतकं. त्याचा भपकारा उठला आणि माझ्या नाकातोंडात गेला. कोपरापर्यंत हात काळा, पांढरे पडदे काळे. वर बघितलं तर नजर पोचेल तिथवर झाडाची पाठ अशीच, साल फुगून फुटलेली. मी पुढे येऊन बघितलं, पुढची बाजू तपकिरी, तुकतुकीत. पुन्हा मागे गेले, कोळसा. एकाच झाडाला दोन अंगं.

दादा घरातून धावत आला. धावत म्हणजे त्याला जमेल तसा. "सुमन, हात लावू नकोस. आत जा, आधी तोंड धू," तो धापा टाकत म्हणाला. मला काय झालंय हे विचारलंच नाही त्यानं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते, पण तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. वहिनीही मागोमाग आली. तिनं ती काळी पाठ बघितली आणि कुंपणाला धरून उभी राहिली. आत गेली आणि भर दुपारी देवापुढे दिवा लावून बसली.

शनिवारी नेहा आली ती एका माणसाला घेऊन. तिकडे त्याला चक्क झाडांचा सर्जन म्हणतात. तो बागेत आला, लांबूनच वर-खाली बघितलं आणि आम्हाला हातानं मागे सारलं. म्हणाला, ही बुरशी आहे. बाहेरच्या मुलखातून इकडे आली, मेपलच्या जातीच्या झाडांना धरते. वर्षानुवर्षं आत गप्प बसून राहते आणि एखादा उन्हाळा कडक गेला की उसळते. ह्या वर्षी त्यानं बरीच अशी झाडं पाहिली होती, बागांमधली, रस्त्यांवरची. उपाय नाही. तोडायचं, तेही ओल्या हवेत, तोंडाला मास्क लावून.

"मास्क कशाला?" मी विचारलं.

"ही काळी पूड छातीत जाते. साल सोलणाऱ्या कामगारांना होतो आजार. ताप, खोकला, वजन उतरतं. दमा समजून लोक अंगावर काढतात."

नेहानं मान वळवून दादाकडे बघितलं. मग मी बघितलं. वहिनीनं मात्र बघितलं नाही, ती झाडाकडेच बघत होती.

"आई, तो झाड उद्याच काढायचा," नेहा म्हणाली.

"पौर्णिमा तोंडावर आली," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं पूजा केली. ज्या झाडाकडे यांचं आयुष्य मागितलं, त्यालाच पौर्णिमेच्या आत कुऱ्हाड लावू? आपण दारंखिडक्या बंद ठेवू. पूजा होऊ दे, मग तोडा."

"होऊ दे तिची पौर्णिमा," दादा म्हणाला. "थोड्या दिवसांनी काय फरक पडतो?"

नेहा रडायला लागली. मला तर दोघांचाही इतका राग आला की मी तिथून निघून बागेतला गाद्यांचा ढीग आत आणायला लागले. एक मरायला टेकलेला, दुसरी मुहूर्त बघते आहे.

हॉस्पिटल

छातीच्या डॉक्टरांची तातडीची वेळ नेहानं मिळवली. सरकारी हॉस्पिटल, एवढं मोठं की आमची कराडची बाजारपेठ त्यात दोनदा मावेल, आणि पैसे कुणी मागेना. मी तिथेही शोभा करून घेतली. इंग्लंडात न्हाणीघरातला दिवा दोरी ओढून लावतात. तशीच दोरी म्हणून मी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये लाल दोरी ओढली आणि बाहेर दोन नर्सेस पळत आल्या. ती मदतीची घंटा होती. एरवी आठवडाभर हसलो असतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत. एक्स-रे आणि स्कॅन समोर लावले होते. काळ्या फुप्फुसांत पांढरं धुकं साचल्यासारखं दिसत होतं. झाडाचं त्यांना आधीच कळवलेलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही लाकूडकाम करता?"

"पोळपाट-लाटणी करतो," दादा म्हणाला आणि ते काय ते हातानं गोल करून दाखवलं.

"ह्याच झाडाचं लाकूड?"

"नाही. वखारीतून तासलेल्या फळ्या आणतो."

त्या विचारात पडल्या. स्कॅनकडे बघितलं, पुन्हा दादाकडे. "मग हे जमत नाही," त्या म्हणाल्या. "बागेत झाड आहे एवढ्यानं इतकं होत नाही. कुणीतरी ही पूड रोजच्या रोज, जवळून, भरपूर ओढल्याशिवाय फुप्फुस असं दिसत नाही. आठवून सांगा."

दादा आपल्या बुटांकडे बघत बसला. मग तो बोलला, पण डॉक्टरांशी नाही. वहिनीशी बोलला, मराठीत.

"हिवाळा संपताना दिसलं मला. खिडकीकडच्या बाजूला साल फुटायला लागली होती. तू दुकानात गेलीस की तारेचा ब्रश घेऊन घासून काढायचो. वरून लाकडाचा रंग द्यायचो, सालीसारखा. पुढची बाजू झाली होती. पौर्णिमेला तुम्ही फेरे मारणार, म्हणून मागची सुरू केली होती."

"का?" वहिनीनं विचारलं.

"झाड मरतंय म्हटल्यावर तुझ्या मनात काय आलं असतं? मला माहीत नाही का? तू हाय खाल्ली असतीस. एवढी पौर्णिमा पार पडू दे, मग सांगू म्हटलं."

मी त्या खोलीत होते, कानांनी ऐकत होते, आणि तरी मला ते खरं वाटेना. देवाला न मानणारा माणूस. बायकोचा देव मेलेला तिला दिसू नये म्हणून तो दिवसेंदिवस त्या विषाशी तोंड लावून उभा राहिला होता, आणि मग अंघोळ करून, कपडे धुऊन, आम्ही यायच्या आत कोचावर येऊन बसत होता.

डॉक्टरीणबाई एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. "काय म्हणाले ते?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं इंग्रजीत उत्तर दिलं, एकेक शब्द तोलून. "ते म्हणतात, ते रोज झाड घासत होते." मग ती दादाकडे वळली. "मी झाडासाठी पूजा करत होते असं वाटलं तुम्हाला? इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून एवढंच ओळखलंत?"

ती उठून बाहेर गेली. मी मागे गेले तर कॉरिडॉरमध्ये उभी राहून ती फोनवर बोलत होती. त्या झाडांच्या सर्जनशी. उद्याच या, म्हणत होती. नाही, पौर्णिमेपर्यंत थांबायचं नाही. उद्या पाऊस आहे ना, मग उद्याच.

शेवटचे दिवस

दादाला काही दिवस ठेवून घेतलं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. झाड पडलं तेव्हा तो घरी नव्हता, ते एका परीनं बरंच झालं. पावसात चार माणसं पांढरे अंगरखे आणि मास्क घालून आली. आम्ही खिडक्या लावून आतून बघत होतो. मला ते कुणाला तरी शेवटचं न्यायला आल्यासारखं वाटलं आणि मी सरळ रडले. वहिनी रडली नाही. बुंधा आडवा कापल्यावर आतलं लाकूड हिरवट-पिवळं डागाळलेलं दिसलं. "आतून केव्हाच गेलं होतं," एवढंच ती म्हणाली आणि दादासाठी मुगाची खिचडी टाकायला वळली.

मग एकेका मैत्रिणीला फोन करून तिनं सगळं सांगितलं. लपवाछपवी नाही, झाकली मूठ नाही. ह्या वर्षी आमच्याकडे पूजा नाही, ज्यांना करायची त्यांनी आपापल्या घरी करा, आणि आपल्या रस्त्यावर कुठे असं काळं झाड दिसलं तर हात लावू नका, कौन्सिलला, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेला, कळवा.

"पौर्णिमेला तू काय करणार मग?" मी विचारलं.

"यांचा एक्स-रे आहे त्या दिवशी. तिकडे जाणार."

आणि गेलो. ती रेशमी हिरवी साडी नेसली, केसांत फूल माळलं. दादाला घरी सोडून काही दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. धुकं पुष्कळ विरलं होतं. पण खालचा काही भाग आकसला आहे, म्हणाल्या, तो पुन्हा फुलणार नाही. आयुष्यभर चढावर दम लागेल. घाई करायची नाही, मध्ये मध्ये थांबायचं, आणि ही गोष्ट मनाला लावून घ्यायची नाही.

दादाच्या मनाला ती लागलीच. बाहेर पडल्यावर तो भरभर चालायला लागला, आपल्याला काही झालेलं नाही असं दाखवायला. गाडी आम्ही त्याला अजून चालवू देत नव्हतो, आणि बसच्या थांब्यापर्यंत चांगलाच चढ आहे. त्याला कसं थांबवावं ते मला सुचेना.

"अहो, थांबा जरा," वहिनी मागून म्हणाली. कठड्याला धरून ती वाकली होती. "माझे गुडघे."

दादा थांबला. आम्ही उभे राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघितल्या. मग निघालो. चार पावलांवर ती पुन्हा थांबली. "काय बाई हे दुखणं," म्हणाली. त्या चढावर ती अशी किती वेळा थांबली ते मी मोजलं नाही. दरवेळी दादाचा श्वास जागेवर आला की तिचे गुडघे बरे व्हायचे.

वहिनीचे गुडघे ठणठणीत आहेत. मला माहीत आहे आणि दादालाही माहीत असणार, तिच्याबरोबर जन्म काढलाय त्यानं. पण तो एकदाही तसं म्हणाला नाही. तिचा हात आपल्या हातात घेऊन तो म्हणाला, "सावकाश चल गं. घाई कुणाला आहे?"